पंचावन्न वर्षांपूर्वी हरलेली मॅच

जानेवारी २०२३ मधली गोष्ट. इंडियाना राज्यातल्या वेस्ट लाफायेट गावात पर्ड्यू युनिव्हर्सिटीत मी एमएस करत होतो, दुसरं सेमिस्टर नुकतंच सुरू झालेलं, आणि डिपार्टमेंटच्या ऑफिसातल्या एका काकूंना (मनातल्या मनात मी काकूच म्हणायचो) त्या आठवड्यात बाहेरगावी जायचं होतं म्हणून त्यांचं बास्केटबॉलचं तिकीट माझ्या गळ्यात पडलं. मला बास्केटबॉलमधलं काय येत होतं, तर शाळेच्या ग्राउंडवर जाळी नसलेली एक रिंग होती आणि तिच्यात आम्ही टेनिस बॉल मारायचो, एवढंच.

मॅकी अरीनात शेजारी सत्तरी ओलांडलेले एक आजोबा बसले होते, काळी-सोनेरी टोपी, मांडीवर पॉपकॉर्न. मी नवखा आहे हे त्यांनी दोन मिनिटांत ओळखलं आणि समोरची मॅच सोडून मला भलतीच मॅच सांगायला लागले. २ डिसेंबर १९६७. हेच छप्पर, तेव्हा नवंकोरं, उद्घाटनाचीच मॅच. आजोबा पहिल्या वर्षाला. समोर यूसीएलए, लॉस एंजेलिसची युनिव्हर्सिटी, म्हणजे त्या काळातला बाप संघ, त्यांच्याकडे लू अल्सिंडर, जो पुढे करीम अब्दुल-जब्बार झाला. आणि त्यांचा कोच कोण तर जॉन वूडन, जो स्वतः पर्ड्यूचाच माजी विद्यार्थी, इथला जुना हिरो. म्हणजे घरचाच माणूस घरभरणीला आला आणि पार्टी उधळून गेला. पर्ड्यूकडून रिक माउंट नावाचा दुसऱ्या वर्षाचा पोरगा पहिल्यांदाच मुख्य संघातून खेळत होता, कारण तेव्हा पहिल्या वर्षाच्या मुलांना मुख्य संघात खेळायची परवानगीच नव्हती, ती १९७२ मध्ये मिळाली. त्याने २८ पॉइंट केले, मॅच शेवटपर्यंत बरोबरीत, आणि अगदी शेवटच्या सेकंदांना यूसीएलएच्या बिल स्वीकने बॉल टाकला. ७३-७१. पर्ड्यू हरलं.

आजोबांनी पॉपकॉर्नचा हात वर करून समोरच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं, म्हणाले, मी तिथे उभा होतो, आणि बॉल जाळीत गेल्यावर कोणीच काही बोललं नाही, चौदा हजार माणसं आणि मला माझ्या बुटांचा आवाज ऐकू येत होता.

मला हसू आलं होतं खरं सांगायचं तर. पंचावन्न वर्षं झाली राव, आणि हरलेली मॅच! ज्यांनी खेळली तेही आता आजोबाच. पण पुढच्या दीड वर्षात मला हळूहळू कळलं की हे आजोबा काही वेगळे नाहीत, अमेरिकेत असे लाखो लोक आहेत, आणि त्यांना विचारा तुमची आवडती मॅच कुठली, तर स्कोअर नंतर सांगतील, आधी आपण कुठे उभे होतो, बरोबर कोण होतं आणि बाहेर किती बर्फ होता ते सांगतील. हे असं का होतं ते आपल्या लोकांना समजावून सांगायचं म्हणून हा लेख. भाचे-पुतणे तिकडे शिकायला गेलेत आणि मार्च महिन्यात फोन उचलत नाहीत अशी तक्रार असेल तर जरूर वाचा.

पहिली गोष्ट, आपल्याकडे कॉलेजची मॅच म्हटलं की डोळ्यासमोर काय येतं? ग्राउंडच्या कडेला वीस पोरं, त्यातली दहा कँटीन बंद म्हणून आलेली. तिकडे कॉलेजचा संघ म्हणजे त्या गावाचा, जिल्ह्याचा, कधीकधी अख्ख्या राज्याचा संघ असतो. केंटकीत आज एनबीएचा, म्हणजे तिकडच्या व्यावसायिक लीगचा, एकही संघ नाही, कॅन्ससमध्ये नाही. तिथल्या माणसाला कोणीतरी आपलं म्हणायचं तर ते युनिव्हर्सिटीचं. वरच्या दर्जाला म्हणजे डिव्हिजन वनला असे ३६० च्या आसपास संघ आहेत, ते वेगवेगळ्या कॉन्फरन्समध्ये विभागलेले, कॉन्फरन्स म्हणजे आपली घरची लीग समजा. पर्ड्यूच्या कॉन्फरन्सचं नाव बिग टेन आणि तिच्यात संघ आहेत अठरा. यावर मी बरेच प्रश्न विचारले, मग नाद सोडला.

खेळ जन्मालाच आला शिक्षणसंस्थेत. डिसेंबर १८९१, मॅसॅच्युसेट्समधलं स्प्रिंगफील्ड, वायएमसीएची ट्रेनिंग स्कूल, थंडीत पोरांना जिममध्ये काहीतरी खेळायला हवं म्हणून जेम्स नेस्मिथ नावाच्या मास्तरांनी पीचच्या दोन टोपल्या गॅलरीच्या कठड्याला ठोकल्या आणि १३ नियम लिहिले. त्याच वायएमसीएने हा खेळ जगभर नेला, आपल्याकडेही आणला, नागपाड्यातली पोरं आज जे खेळतात त्याचं मूळ तिथलंच. नेस्मिथ पुढे कॅन्सस युनिव्हर्सिटीत गेले, तिथला संघ त्यांनीच सुरू केला, आणि गंमत अशी की कॅन्ससच्या आजवरच्या सगळ्या कोचमध्ये जिंकण्यापेक्षा हरलेल्या मॅच जास्त असलेला एकच कोच आहे, तो म्हणजे ज्याने खेळ शोधला तो.

दुसरी गोष्ट म्हणजे बसायची जागा. आता हे ऐकायला फालतू वाटेल पण माझ्या मते सगळी गंमत इथेच आहे. एनबीएत कोर्टाच्या कडेच्या खुर्च्यांवर पैसेवाले बसतात, आणि फोन बघत असतात. कॉलेजात बऱ्याच ठिकाणी कोर्टाला चिकटून, बास्केटच्या मागे, विद्यार्थी उभे असतात. उभे म्हणजे उभेच, पूर्ण मॅच, बसणारा तिथे पापी. पर्ड्यूच्या या गँगचं नाव पेंट क्रू. दुसऱ्या वर्षी मी त्यांच्यात घुसलो. ज्यांनी पुण्यात भरत नाट्य मंदिरात पुरुषोत्तम करंडक बघितलाय त्यांना वेगळं सांगायला नको, पडदा उघडायच्या आधी ते "अरे आव्वाज कुणाचा" जे चालतं आणि छपराची कौलं उडतील असं वाटतं, तेच डोळ्यासमोर आणा, फक्त ते वीस मिनिटं नाही तर दोन तास, आणि वर ड्रम-ट्रम्पेटवाला बँड. इकडून कोणीतरी "बॉयलर अप" ओरडतो, तिकडून "हॅमर डाउन" येतं. बॉयलरमेकर म्हणजे बॉयलर बनवणारे कामगार, ते या संघाचं टोपणनाव. रस्त्यात अनोळखी माणसाने तुमचा टीशर्ट बघून "बॉयलर अप" म्हटलं की तुम्ही उलट उत्तर द्यायचं, आपल्या राम राम सारखं.

फ्री थ्रो जवळून बघा एकदा. फाउल झाला की खेळाडूला १५ फुटांवरून बॉल टाकायला मिळतो, कोणी अडवायचं नाही, रिंग १० फूट उंच, म्हणजे खेळातला सगळ्यात सोपा शॉट. पाहुण्या संघाचा पोरगा रेषेवर येतो आणि त्याला रिंगच्या मागे दिसतं काय, तर हजारभर पोरं हात हलवतायत, कोणी फिरफिरतंय, कोणी कोणाच्यातरी थोबाडाचा चार फुटी फोटो वरखाली करतंय, आणि आवाज असा की स्वतःचा श्वास ऐकू येत नाही. बॉल हुकला की ज्याने तो फोटो हलवला त्याला खात्रीच असते की हा पॉइंट माझा. आणि आपला पोरगा रेषेवर आला की एकदम चिडीचूप. हात वर, बोटं हलतायत, पण तोंडातून शब्द नाही. मी आत्तापर्यंत बऱ्याच देवळांत गेलोय, इतकी शांतता मला काकडआरतीच्या आधीच जाणवलीये.

शांततेवरून आठवलं. याच इंडियानात टेलर युनिव्हर्सिटी नावाचं छोटं कॉलेज आहे, तिथे दर डिसेंबरला एक मॅच अशी असते की आपल्या संघाचे दहा पॉइंट होईपर्यंत कोणी एक अक्षर काढायचं नाही. पायजम्यात आलेली, सांताच्या वेषात आलेली सगळी पोरं तोंडावर हात दाबून बसलेली असतात, आणि दहावा पॉइंट झाला की स्फोट. खेळाडूंना काय वाटत असेल देव जाणे, नववा पॉइंट झाल्यावर हात थरथरत असणार.

नियमांचं फार सांगत नाही, दोनच गोष्टी. पुरुषांची मॅच ४० मिनिटांची, वीस-वीसचे दोन हाफ, आणि बॉल हातात आल्यावर ३० सेकंदांत शॉट घ्यावा लागतो. एनबीएत ४८ मिनिटं आणि २४ सेकंद. म्हणजे कॉलेजात एकूण वेळ कमी आणि प्रत्येक वेळी बॉल जास्त वेळ हातात, त्यामुळे भारी संघालाही आपलं भारीपण दाखवायला कमी संधी मिळतात. लहान संघ जिंकायचं निम्मं कारण हेच.

दुसरं म्हणजे ती शेवटची दोन मिनिटं. ती दोन मिनिटं चालतात वीस मिनिटं, पहिल्यांदा बघणारा वैतागतो. होतं काय की मागे असलेला संघ मुद्दाम फाउल करतो, कारण फाउल झाला की घड्याळ थांबतं. बदल्यात समोरच्याला फ्री थ्रो मिळतो. पण हाफमध्ये संघाचे सात, आठ, नऊ फाउल असतील तर जो नियम लागतो त्याला वन-अँड-वन म्हणतात, पहिला टाकला तरच दुसरा टाकायला मिळतो, पहिलाच हुकला तर खेळ तिथून पुढे चालू. एनबीएत हे नाही. म्हणजे विचार करा, तुमचा संघ दोन पॉइंटनी पुढे आहे, अकरा सेकंद राहिलेत आणि एकोणीस वर्षांचा एक पोरगा, ज्याला तुम्ही परवा मेसमध्ये ताट घेऊन उभा बघितलाय, तो रेषेवर एकटा आहे. टाकला तर बहुतेक जिंकलो, हुकला तर समोरच्यांना संधी. चौदा हजार माणसं त्याच्याकडे बघतायत आणि सकाळी त्याचं स्टॅट्सचं क्विझ आहे. ज्या लोकांना तीस-चाळीस वर्षांपूर्वीचे फ्री थ्रो आठवतात त्यांना ते यामुळे आठवतात. तो त्यांच्या वर्गातला होता.

रांगा हा तर वेगळाच विषय. नॉर्थ कॅरोलायनातल्या दोन युनिव्हर्सिटी, ड्यूक आणि चॅपल हिलची यूएनसी, यांच्यात रस्त्याने दहा-अकरा मैलांचं अंतर, आणि वैर असं की आपल्याकडच्या चुलतभावांच्या बांधाच्या भांडणाने लाजावं. ड्यूकचं कॅमेरॉन इनडोअर १९४० चं, जेमतेम ९,३१४ माणसं मावतात. मग यूएनसीविरुद्धच्या मॅचसाठी पोरं आठवडेच्या आठवडे हॉलबाहेर तंबू ठोकून राहतात, जानेवारी-फेब्रुवारीच्या थंडीत, १९८६ पासून हे चालू आहे. तंबूत पाळ्या लावलेल्या, कधीही भोंगा वाजतो आणि हजेरी होते, हजेरी चुकत राहिली तर नंबर जातो. तेव्हाचे कोच माइक शिशेफ्स्की यांच्या नावावरून त्या तंबूगावाला शिशेफ्स्कीव्हिल म्हणतात. मॅच दोन तासांची, पण त्या पोरांना विचाराल तर तंबूतल्या गोष्टीच जास्त ऐकवतील, कोणाला ताप आला, पिझ्झा कोणी खाल्ला, कोणाचं कोणाशी जमलं.

आणि मग यातून निघतो तो खरा मुद्दा. पोरं चार वर्षं असतात आणि जातात. खेळाडूही, बघणारेही. रोहितला आपण पंधरा वर्षं बघितलं, तो आपल्याबरोबर म्हातारा झाला. कॉलेजच्या खेळाडूला तुम्ही बघता तेव्हा तो एकोणीस-वीसचा, तुम्हीही एकोणीस-वीसचे, आणि सीझनच्या शेवटच्या घरच्या मॅचला सीनियर मुलांचे आईवडील कोर्टवर येतात, आईच्या हातात फुलं, बापाला कळत नाही हात कुठे ठेवायचे, टाळ्या होतात, संपलं. पुढच्या वर्षी त्याच जर्सीत दुसराच कोणीतरी. बदलत नाही ते छप्पर, बँडची धून आणि शेजारच्या खुर्चीवरचे आजोबा. म्हणून ते १९६७ धरून बसले होते, त्या मॅचमध्ये ते स्वतः अठरा वर्षांचे आहेत ना.

आता मार्च. नोव्हेंबरपासून लीग चालते आणि मार्चमध्ये एनसीएएची, म्हणजे कॉलेजच्या खेळांच्या संघटनेची स्पर्धा, ६८ संघ, हरला की घरी. १९३९ ला सुरू झाली तेव्हा आठच संघ होते, १९८५ ला ६४ झाले, २०११ पासून ६८, त्यातले आठ आधी आपसात खेळतात आणि ६४ उरतात. चार विभाग, प्रत्येकात १ ते १६ नंबर लावलेले, एक नंबर सोळाशी खेळतो, दोन पंधराशी, असं. सहा मॅच सलग जिंकल्या की चॅम्पियन. बेस्ट ऑफ सेव्हन वगैरे भानगड नाही, एक वाईट संध्याकाळ आणि चार वर्षांचं काम खलास. या दिवसांत अख्खा देश कागदावर अंदाज भरतो, त्याला ब्रॅकेट म्हणतात, ऑफिसात पाच-पाच डॉलरची पैज लागते. आमच्या लॅबमधल्या एका तेलुगू मित्राने तर मशीन लर्निंगचं मॉडेल बनवलं होतं. ६४ संघांच्या ६३ मॅच, प्रत्येकीचे दोन निकाल, म्हणजे ६३ वेळा दोन मांडून सगळे एकमेकांशी गुणायचे, उत्तर ९ च्या पुढे १८ शून्यं, वर थोडं जास्तच. त्याचं मॉडेल पहिल्या शुक्रवारी मेलं.

कारण त्याच शुक्रवारी, १७ मार्च २०२३ ला, आमचं पर्ड्यू हरलं. पर्ड्यू एक नंबर, संघात झॅक ईडी, ७ फूट ४ इंच. समोर सोळा नंबरचं फेअरली डिकिन्सन, न्यू जर्सीतलं, देशातल्या डिव्हिजन वन संघांत सरासरीने सगळ्यात बुटका संघ. आदल्या सीझनला त्यांनी फक्त चार मॅच जिंकलेल्या. एवढंच नाही, ते स्वतःच्या कॉन्फरन्सची फायनलसुद्धा हरले होते, पण जिंकलेला संघ खालच्या डिव्हिजनमधून नुकताच वर आल्यामुळे नियमाने स्पर्धेत जाऊ शकत नव्हता म्हणून यांना पाठवलं. ६३-५८. १९८५ पासून २०२५ पर्यंत एक विरुद्ध सोळा अशा १६० मॅच झाल्या, त्यात सोळा नंबरवाला जिंकला दोनदा, एकदा २०१८ ला व्हर्जिनियाविरुद्ध आणि एकदा आमच्याविरुद्ध. मी रूमवर खिचडीचा कुकर लावून लॅपटॉपवर बघत होतो. शिट्ट्या किती झाल्या ते कोणीच मोजलं नाही, तळाला करपलेली खिचडी आम्ही चौघांनी न बोलता खाल्ली. कुकर घासायला दोन दिवस लागले.

व्हर्जिनिया मात्र पुढच्याच वर्षी, २०१९ ला, चॅम्पियन झालं होतं. कॅम्पसवर सगळे तेच एकमेकांना सांगत होते. आणि ईडी परत आला.

हे परत येणं आता मोठी गोष्ट आहे, कारण मधल्या काळात सगळं बदललंय. आधी खेळाडूला स्कॉलरशिप सोडून पैसे घेता यायचे नाहीत, जुलै २०२१ पासून स्वतःचं नाव आणि चेहरा वापरून जाहिरातीतून कमावता येतं, आणि २०२५ च्या कोर्टातल्या तडजोडीनंतर युनिव्हर्सिटी थेट पैसे देऊ शकते. वर ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे एका कॉलेजातून दुसऱ्यात उडी मारणं सोपं. जुने लोक यावर फार कुरकुरतात, निष्ठा राहिली नाही वगैरे. मला ते अर्धंच पटतं. कोचनी कोट्यवधी घ्यायचे, टीव्हीवाल्यांनी घ्यायचे, आणि घाम गाळणाऱ्या पोराने कॉलेजच्या नावाने खुश राहायचं, हे काही फार उदात्त नव्हतं. पण दर वर्षी नवेच चेहरे आले तर मेसमध्ये ताट घेऊन उभा असलेला "आपला" पोरगा उरणार कुठे, हा प्रश्नही खोटा नाही. ईडीची गंमत अशी की तो कॅनडाचा, म्हणजे आपल्यासारखाच एफ-वन या स्टुडंट व्हिसावर, त्यामुळे अमेरिकन पोरं जशी धडाधड कमावत होती तसं त्याला अमेरिकेत करता येत नव्हतं. देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू, आणि व्हिसाचे नियम आमच्यासारखेच! आमच्या देसी व्हॉट्सॲप ग्रुपवर तो त्या दिवसापासून सख्खा भाऊ झाला.

मुलींच्या खेळाबद्दल एक सांगतो, कारण आपल्याकडे त्याची बातमी फारशी येत नाही. आयोवा युनिव्हर्सिटीची खेळाडू केटलिन क्लार्क हिच्यामुळे २०२४ ची महिलांची फायनल सुमारे १ कोटी ८९ लाख लोकांनी बघितली आणि पुरुषांची १ कोटी ४८ लाखांनी. असं पहिल्यांदाच झालं.

आणि त्या पुरुषांच्या फायनलमध्ये कोण होतं? आम्ही. १९६९ आणि १९८० नंतर पहिल्यांदा पर्ड्यू शेवटच्या चारात पोचलं आणि फायनलला समोर कनेटिकट. ८ एप्रिल २०२४. त्याच दुपारी इंडियानावरून खग्रास सूर्यग्रहण गेलं, आईने पुण्याहून चार वेळा फोन करून बाहेर पडू नको म्हणून सांगितलं होतं, आणि रात्री सव्वानऊच्या पुढे मॅच सुरू झाली. मॅच ॲरिझोनात, पण इकडे गावात जिथे स्क्रीन होती तिथे गर्दी. ईडीने ३७ पॉइंट केले. तरी ७५-६०, हरलो, आणि निम्म्या वेळेनंतर कळतच होतं की हरतोय. गर्दीत मला ते आजोबा दिसतात का म्हणून उगाच बघितलं, दिसले नाहीत. शेजारी एक पोरगी पहिल्या वर्षाची असावी, डोळ्याखाली काळा-सोनेरी रंग, तो ओघळत हनुवटीपर्यंत आला होता आणि ती पुसत नव्हती.

रूमवर आलो तर रात्रीचे साडेअकरा वाजून गेलेले, म्हणजे पुण्यात नऊ तारखेची सकाळ, गुढीपाडवा. व्हिडिओ कॉल आला. आई गच्चीत, गुढी उभी, कडुलिंबाचा पाला, साखरेची गाठी, मागे बाबा नवा शर्ट घालून. सणाच्या दिवशी तोंड का असं पाडलंयस म्हणून आईने विचारलं. मी सांगितलं, मॅच हरलो, फायनल होती. बाबा जरा पुढे आले, चष्मा वर केला आणि काळजीने म्हणाले, "अरे, तू कधीपासून खेळायला लागलास?"